भाऊसाहेब सर्वांसमोर लस घेतात

भाऊसाहेबांना थक्क व्हायला फारसं काही लागत नसे. नवं कुलूप पहिल्याच झटक्यात उघडलं तरी ते किल्ली हातात धरून तिच्याकडे बघत राहायचे. छापील कागदाबद्दल तर त्यांना इतका आदर होता की औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा ते चष्मा पुसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. असा माणूस म्हाताऱ्यांच्या निवासाचा व्यवस्थापक म्हणून इतकी वर्षं टिकला कसा, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचं उत्तर सोपं आहे. निवासातलं खरं काम अक्का आणि तिच्या हाताखालच्या मदतनीस बाया करत, जेवणाखाणाचं आचारी बघे, आणि भाऊसाहेब आपल्या खोलीत बसून या सगळ्याला मान्यता देत.

तर आरोग्य खात्याचा आदेश आला तेव्हा भाऊसाहेबांनी तो उभं राहून वाचला. साथ ओसरत आली होती, पण खातं ओसरलं नव्हतं. पुढच्या महिनाअखेरीनंतर, लस न घेतलेल्या कोणत्याही कर्मचाऱ्याने निवासाच्या दाराच्या आत पाऊल टाकू नये, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. इमारतीच्या तातडीच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या कारागिराला मात्र सवलत होती. आणि अगदी तळाशी, बारीक टायपात, कर्मचारी अपुरे पडल्यास रहिवाशांची सोय इतर निवासांत विभागून करण्यात येईल, असं होतं. भाऊसाहेबांनी 'विभागून' या शब्दावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते बोट तिथून हललं नाही.

विभागणी झाली असती तर सगळ्यात लांब बाई गेल्या असत्या. बाई म्हणजे तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूच्या खोलीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका. पाय गेलेले, डोळ्यांना उजेड-अंधारापलीकडे काही कळत नाही, आणि त्यांना अंथरुणातून उठवून बसवण्यासाठी माणूस लागतो, म्हणजे अशांना ठेवून घेणारी निवासं थोडी, आणि तीही दूरची. पण चाकांच्या खुर्चीतून जाता जाता एक हात भिंतीवर फिरवून बाईंनी अख्खी इमारत पाठ केली होती. कुठल्या दाराची मूठ सैल आहे, कुठे ओल आलीय, जेवणघर किती हातांवर आहे, सगळं. आदेशाची बातमी त्यांच्यापर्यंत भाऊसाहेबांच्या आधीच पोचली होती.

"नव्या ठिकाणच्या भिंती शिकायला मला आता वेळ कुठे आहे रे," बाई म्हणाल्या. त्या सगळ्यांनाच अरे-तुरे करत, खात्याच्या अधिकाऱ्यांनासुद्धा.

"कुणी कुठे जाणार नाही बाई. मी बघतो," भाऊसाहेब म्हणाले. एवढं ठासून ते याआधी कधी बोलले नव्हते, त्यामुळे खोलीबाहेर आल्यावर ते क्षणभर स्वतःवरच थक्क झाले.

बघायचं होतं ते इतकंच, की सगळ्यांनी लस घ्यायची. कुणी नाही म्हटलं नव्हतं. कुणी हो पण म्हटलं नव्हतं. विचारलं की आचारी म्हणे "बघू", मदतनीस बाया एकमेकींकडे बघून म्हणत "बघू की", आणि अक्का चादरीची घडी घालता घालता नुसतीच मान हलवी. ती मान उभी हलली की आडवी, हे भाऊसाहेबांना शेवटपर्यंत कळायचं नाही. अक्का उंच, रुंद खांद्यांची, कमी बोलणारी बाई होती आणि भाऊसाहेब मनातून तिला जरा वचकून असत.

भाऊसाहेब राहत त्या इमारतीत सल्ल्याला तोटा नव्हता. शेजारचे बँककाका जन्मभर बँकेत काढून आता इतरांच्या आयुष्याचा ताळा जमवण्यात निवृत्तीचा काळ घालवत होते. त्यांचं म्हणणं पडलं की कडक राहा, माणसं धाकाशिवाय हलत नाहीत. वरच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, गोड बोला, आजकाल कुणी धाकाला भीक घालत नाही. भाऊसाहेबांना दोघांचंही पटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कर्मचाऱ्यांना जेवणघरात उभं करून भाषण केलं आणि त्यात एक वाक्य कडक आणि एक गोड असा क्रम ठेवला. "जो लस घेणार नाही त्याची गय केली जाणार नाही," असं दरडावून ते लगेच "तुम्ही सगळी मला घरच्यासारखी आहात," असं हळव्या आवाजात म्हणाले. पुन्हा दरडावले, पुन्हा हळवे झाले. आचाऱ्याने नंतर बाहेर विचारलं की साहेबांचं ब्लडप्रेशर कुणी बघितलंय का.

मग बँककाकांनी हुकमी तोड काढली. "उदाहरण घालून द्या. शिबिर निवासातच भरवा, आणि पहिली सुई तुम्ही टोचून घ्या. सगळ्यांसमोर."

भाऊसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी तोपर्यंत फक्त त्यांच्या बायकोला माहीत होती. भाऊसाहेबांना सुई बघवत नसे. म्हणजे आवडत नसे असं नाही, आवडत तर कुणालाच नसते. त्यांना सुई दिसली की आधी कानात शिट्टी वाजे, मग खोली एका बाजूला कलायची, आणि मग ते जमिनीवर असत. बायको बिचारी शर्टाचं बटण लावायलासुद्धा स्वयंपाकघरात जाई आणि दार लोटून घेई. पण ज्या माणसाने भर सभेत धैर्यावर भाषण ठोकलं, त्याने हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

"अहो, त्यात काय," बायको म्हणाली. "आधी कुठेतरी लांब जाऊन गुपचूप घेऊन टाकू. काय व्हायचं ते तिथे होऊ दे. एकदा घेतली की भीती मोडेल, मग इथे सगळ्यांसमोर पुन्हा घ्या."

या बेतात एक भलंमोठं भोक होतं. तुम्हाला ते आत्ताच दिसलं असेल, पण त्या दोघांना दिसलं नाही. घाबरलेली माणसं बेत आखतात तेव्हा असंच होतं.

दोघं बसने शेजारच्या गावातल्या दवाखान्यात गेली. भाऊसाहेबांनी ओळख लपवण्यासाठी काळा चष्मा लावला होता, आणि त्या गावात त्यांना कुणीच ओळखत नसल्यामुळे तो दोनदा पायरी चुकवण्यापलीकडे काही कामाला आला नाही. आत नर्सने ट्रे उचलल्याचा आवाज झाला तेवढ्यावरच ते घसरले. शुद्धीवर आले तेव्हा लस टोचून झाली होती आणि ते लहान मुलांच्या बाकावर आडवे होते. समोर भिंतीवर एक ससा गाजर खात होता. नर्सने जाताना त्यांच्या शर्टावर 'शाब्बास' असं लिहिलेला चिकटकागद लावला. मुलांसाठीचा होता, पण तिने तो मनापासून लावला. भाऊसाहेबांनी तो बसमध्ये काढला आणि पाकिटात जपून ठेवला.

शिबिराचा दिवस उजाडला. जेवणघरातली टेबलं भिंतीला लागली होती. आरोग्य केंद्राच्या सिस्टर बर्फाची पेटी घेऊन आल्या, तेव्हा भाऊसाहेबांनी त्या पेटीचं झाकण उघडताना वाकून बघितलं. करंगळीएवढ्या बाटल्या. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी खोलीत, आपल्याला जन्मात न भेटणाऱ्या माणसांनी रात्रीचा दिवस करून हे पाणी तयार केलं, आणि ते विमानातून, ट्रकमधून, गारठ्यात जपत आपल्या जेवणघरापर्यंत आलं. भाऊसाहेबांचे डोळे भरून आले. सुईचा विचार त्यांच्या मनात काही क्षण आलाच नाही.

कर्मचारी रांगेने उभे होते. खरं सांगायचं तर त्या दिवशी सगळे तयार होते. आचाऱ्याने बाही वर सरकवून ठेवली होती. अक्कासुद्धा केस घट्ट बांधून आली होती. भाऊसाहेब खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "सिस्टर, चला."

सिस्टरनी त्यांचा नंबर टॅबलेटवर घातला. थांबल्या. पुन्हा घातला.

"तुमची तर झालीय," त्या म्हणाल्या. खणखणीत आवाजाच्या होत्या. "शेजारच्या गावात. दुसरी घ्यायला अजून अवकाश आहे तुम्हाला."

भाऊसाहेबांनी एक डोळा उघडून त्यांना खूण केली. सिस्टर म्हणाल्या, "डोळ्यात काही गेलंय का?"

रांगेतल्या सगळ्या माना वळल्या. तेव्हा भाऊसाहेब खरं बोलले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्यांनी मान ताठ केली आणि म्हणाले, "ही तांत्रिक अडचण आहे."

चहा होईपर्यंत निवासात एकच बोलणं सुरू झालं. साहेबांनी चांगली लस बाहेर जाऊन घेतली, उरलेली आपल्याला आणवली. कुणी म्हणे ती परदेशी होती. कुणी म्हणे तिची बाटली निळी असते. आचाऱ्याने बाही खाली केली. अक्का भाऊसाहेबांकडे एकदा बघून बाईंच्या खोलीत गेली, आणि त्या एका बघण्याने भाऊसाहेबांची झोप उडाली. सिस्टर बर्फाची पेटी जशीच्या तशी परत घेऊन गेल्या.

पुढचे दिवस भाऊसाहेबांनी खुलासे करण्यात घालवले. पहिला खुलासा की ते त्या गावी सहज गेले होते. दुसरा, की तिथे रांग लहान होती. तिसरा पहिल्या दोहोंशी जुळेना. एकेका खुलाशागणिक लोकांची खात्री पटत गेली की बाटली निळीच होती.

मग त्यांनी खात्याला फोन लावला. तिकडच्या मॅडम फार सौजन्याने बोलत, म्हणून त्यांच्याशी भांडताही येत नसे.

"मुदत वाढवून मिळेल का?"

"नाही."

"नळ दुरुस्त करणारा लस न घेता आत येऊ शकतो ना?"

"तातडी असेल तर, हो."

"आमच्या बाईंना रोज सकाळी उठवावं लागतं. तीही तातडीच आहे. ज्या उठवतात त्यांना त्या सवलतीत बसवता येईल का?"

फोनवर कागद उलटल्याचा आवाज आला. "सवलत इमारतीच्या दुरुस्तीला आहे, साहेब. माणसांच्या नाही."

भाऊसाहेबांनी फोन ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. कुठल्या तरी टेबलावर बसून कुणीतरी पाईपचा विचार आधी केला होता, याचं त्यांना रागापेक्षा आश्चर्य वाटत राहिलं. बँककाकांनी अक्काला कागदोपत्री प्लंबर दाखवा असा सल्ला दिला आणि तसा अर्जही लिहून आणला. तो भाऊसाहेबांनी नम्रपणे बाजूला ठेवला.

मुदत संपली. त्या सकाळी कर्मचारी नेहमीच्या वेळी, नेहमीच्या गणवेशात आले, आणि दारापाशी थांबले. कुणी घोषणा दिल्या नाहीत, कुणी हुज्जत घातली नाही. नुसते फुटपाथवर उभे राहिले, बस येणार असल्यासारखे. मॅडमनी फोनवर अतिशय सौजन्याने सांगितलं होतं की संध्याकाळपर्यंत मनुष्यबळाची व्यवस्था न दिसल्यास उद्या गाड्या पाठवाव्या लागतील. बाहेरून माणसं पुरवणाऱ्या संस्थेचा फोन सकाळपासून गाणं वाजवत होता. आसपासची सगळी निवासं त्याच गाण्यावर ताटकळत असणार.

तेव्हा आत गेले ते लस घेतलेले चौघे. भाऊसाहेब, त्यांची बायको, बँककाका आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी.

भाऊसाहेबांनी निवास रोज पाहिलं होतं, पण दहाच्या पुढे. तोपर्यंत सगळे न्हाऊन-माखून, केस विंचरून, खुर्च्यांत बसलेले असत, आणि ते तसेच उगवत असावेत असा त्यांचा आजवर समज होता. सकाळचं निवास त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्येक दारामागे कुणीतरी जागं होऊन वाट बघत होतं. एकाला पाणी, एकीला चष्मा, एकाला कुशीवर वळवायचं, एकीचं पांघरूण बदलायचं आणि त्याबद्दल चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. घंटा वाजे, ती थांबायच्या आत दुसरी. भाऊसाहेब मधल्या बोळात उभे राहून नुसते ऐकत राहिले. हे सगळं रोज होत होतं, ते आपल्या खोलीत आदेश वाचत होते तेव्हाही होत होतं, आणि त्यांच्यापर्यंत त्यातला एक आवाजही आला नव्हता. त्यांना एकदम देवळात आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच की इथे आत येताच हातात कुणीतरी बेडपॅन दिलं.

बँककाकांनी चहाचं खातं घेतलं आणि बिनसाखरेच्या मंडळींना साखरेचा चहा वाटायला निघाले. भाऊसाहेबांच्या बायकोने तो ट्रे बोळातच अडवला. मग त्यांना अंथरुणं बदलायला लावलं, तेव्हा त्यांनी एका आजोबांना चादरीत असे गुंडाळले की आजोबा आतून "मी आहे, मी आहे" असं सांगत होते. वरच्या वहिनी एका खोलीत जेमतेम चार केस उरलेल्या गृहस्थांचा भांग पाडत बसल्या होत्या आणि ते गृहस्थ इतके खूश होते की दुसऱ्या कुणाला आत येऊ देईनात.

बाईंची खोली भाऊसाहेबांवर आली.

"कोण?" बाई म्हणाल्या.

"मी, व्यवस्थापक."

"अक्का?"

"बाहेर आहे. तिला आत येता येत नाही."

बाईंनी चाचपडत पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "बरं. मग तू उचल. खांद्याखाली एक हात, गुडघ्याखाली एक. आणि एक सांगून ठेवते. मला भीती वाटते. उचललं की मी ओरडते. मी ओरडले म्हणून मध्येच थांबायचं नाही, नाहीतर दोघंही पडू."

"रोज ओरडता?"

"रोज. रोज नव्याने भीती वाटते. दिसत नाही ना, जमीन किती खाली राहिली ते."

"आणि अक्काला चालतं?"

"मी आधीच सांगते तिला. सांगितलं की उचलणाऱ्याला सोपं जातं. न सांगणारी माणसं आखडून बसतात, ती जड होतात." बाई वर्गात सांगावं तसं सांगत होत्या. "चल, उचल."

भाऊसाहेबांनी हात घातले. बाईंनी त्यांच्या मानेला मिठी घातली, आणि त्या ओरडल्या. भाऊसाहेब थांबले नाहीत. बाई किती हलक्या होत्या. इतकी वर्षं शिकवलेली, वाचलेली, कुणाकुणाला घडवलेली एक अख्खी बाई त्यांच्या दोन हातांवर होती आणि तिने तो भार भाऊसाहेबांसारख्या माणसावर डोळे मिटून टाकला होता. असं काही आपल्या हातून होत आहे यावर त्यांचा विश्वास बसेना. त्यांनी बाईंना खुर्चीत ठेवलं. जरा तिरपं ठेवलं, म्हणजे बरंच तिरपं, पण ठेवलं.

बाईंची आरोळी फुटपाथवर गेली होती. खिडकीच्या गजांपलीकडे एकेक चेहरा गोळा झाला. सगळ्यांच्या पुढे अक्का होती, दोन्ही हातांनी गज धरून.

"बाई, लागलं का?"

"नाही गं. बरा आहे हा. थरथरतो, पण सोडत नाही," बाई खुर्चीतून म्हणाल्या.

भाऊसाहेब अजून धापा टाकत होते. समोर सगळे कर्मचारी, मध्ये गज, हातांवर अजून बाईंच्या वजनाची जाणीव. पुढचं वाक्य त्यांनी ठरवून म्हटलं नाही.

"मला सुईची भीती वाटते," ते म्हणाले. "दिसली की मी पडतो. म्हणून लांब जाऊन घेतली. तिथेही पडलो. इथे सगळ्यांसमोर पडलो असतो तर तोंड दाखवता आलं नसतं मला, म्हणून लपवलं. निळी बाटली वगैरे काही नव्हती."

मग मागून आचारी म्हणाला, "पडता म्हणजे, पूर्ण?"

"पूर्ण. नर्सने मला शाब्बास असा कागद लावला. लहान मुलांना लावतात तो." भाऊसाहेबांनी पाकिटातून तो काढला आणि गजांतून दाखवला. इतके दिवस तिथे राहून तो जरा मळला होता.

मदतनीस बायांपैकी एक हसली. मग दुसरी. मग आचारी फुटपाथवर खाली बसून हसला. भाऊसाहेबांचा चेहरा लाल झाला, पण आश्चर्य म्हणजे ते त्यातून मेले नाहीत. फक्त अक्का हसली नाही.

"त्या दिवशी आम्ही तयार होतो, भाऊसाहेब," ती म्हणाली. "मी केस बांधून आले होते."

"माहीत आहे मला."

"साथीत मी एका दिवसाचाही खाडा केला नाही. तेव्हा मी आत असणं गरजेचं होतं. आता मीच धोका झाले म्हणतात. ठीक आहे, तेही गिळलं असतं. पण एवढ्या दिवसांत तुम्ही भाषण केलंत, खुलासे केलेत. अक्का, तुला कसली अडचण आहे, असं कुणी एकदाही विचारलं नाही."

भाऊसाहेब खिडकीजवळ गेले. "कसली अडचण आहे, अक्का?"

अक्काने गजांवरचे हात काढले. "लस घेतली की लोकांना एक-दोन दिवस ताप येतो, अंग मोडून येतं. येऊ दे. पण घरी माझी आई आहे. बाईंसारखीच. सकाळी तिला उठवून इथे येते, रात्री जाऊन निजवते. मधल्या वेळी शेजारीण डोकावते, पण ती उचलू शकत नाही. मी पडून राहिले तर आईला कोण उठवणार? एवढंच होतं. सांगणार होते त्या दिवशी, पण तुमची तांत्रिक अडचण निघाली."

अक्काला आई आहे हेच भाऊसाहेबांना माहीत नव्हतं. इथल्या इतक्या जणांना उचलून झाल्यावर ही बाई घरी जाऊन आणखी एकीला उचलत होती. मग जे शब्द त्यांच्या तोंडून निघाले ते त्यांना स्वतःलाच अचाट वाटले.

"मी येईन," ते म्हणाले.

अक्काने त्यांच्याकडे बघितलं. मग गजांतून तिरप्या बसलेल्या बाईंकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"बाई?" तिने विचारलं.

"शिकेल," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल. पण शिकेल."

दुपारी सिस्टर पुन्हा बर्फाची पेटी घेऊन आल्या आणि शिबिर फुटपाथवरच, बाईंच्या खिडकीखाली भरलं. भाऊसाहेबांच्या दुसऱ्या टोचणीची वेळ एव्हाना होऊन गेली होती. त्यांनी आधी सगळ्यांना स्पष्ट सांगितलं की आपण आता पडणार आहोत, तरी कुणी घाबरू नये. आचाऱ्याने मागे उशी धरली. सांगितल्याप्रमाणे भाऊसाहेब पडले, उशीवर पडले, आणि त्यावर फुटपाथवर टाळ्या वाजल्या. एवढ्या टाळ्या त्यांच्या कुठल्याच भाषणाला मिळाल्या नव्हत्या. मग एकेक जण पुढे आला. सगळेच आले असं नाही. दोघी मदतनीस बाया मान खाली घालून निघून गेल्या. एकीने कपड्याच्या दुकानात काम धरल्याचं पुढे कळलं. भाऊसाहेब त्यांच्या मागे कोपऱ्यापर्यंत गेले, पण त्यांना थांबवण्याजोगं काही बोलता आलं नाही. त्यांच्या जागा पुढे कितीतरी महिने रिकाम्या राहिल्या आणि सकाळची घंटा वाजत राहण्याचा वेळ वाढला. पण मॅडमच्या गाड्या आल्या नाहीत. बाई आपल्या भिंतींमध्ये राहिल्या.

अक्काला ताप आला, तोही सणसणून. भाऊसाहेब सकाळीच तिच्या घरी पोचले. दोन खोल्यांचं घर होतं, स्वच्छ, दोन खाटा समोरासमोर. एकीवर अक्का तोंडापर्यंत पांघरूण घेऊन पडली होती आणि दुसरीवर तिची आई, लहानशी, टक्क जागी.

"कोण आलंय?" आई म्हणाली.

"तुम्हाला उठवायला आलोय. अक्काच्या कामावरचा आहे," भाऊसाहेब म्हणाले. "मला नीट येत नाही अजून. भीतीही वाटते. तेवढं सांभाळून घ्या."

"घाईने उचलू नका म्हणजे झालं," आई म्हणाली.

भाऊसाहेबांनी घाई केली नाही. खांद्याखाली एक हात, गुडघ्याखाली एक. म्हातारीने त्यांच्या शर्टाची कॉलर मुठीत पकडली. तिच्या मुठीत जोर होता. खाट ते खुर्ची एवढंसं अंतर, पण त्यांना वाटलं आपण काहीतरी फार मोठं, फार जुनं पलीकडे नेतो आहोत. त्यांनी तिला खुर्चीत ठेवलं. सरळ ठेवलं. पाठ टेकली, पाय पाटावर आले, मान कलली नाही. भाऊसाहेबांनी मागे सरून पाहिलं. त्यात काहीच तिरपं नव्हतं.

कुणीतरी हे बघायला हवं होतं. ते अक्काकडे वळले. ती बघत असणार, खाटेवरून एकेक हालचाल तपासत असणार, याची त्यांना खात्री होती, आणि घसा खाकरून काहीतरी म्हणण्यासाठी त्यांनी तोंड उघडलंसुद्धा.

पांघरूण तोंडावरून घसरलं होतं. अक्का गाढ झोपली होती. कपाळावर घाम, तोंड जरा उघडं, ते मोठे खांदे सैल पडलेले. घरात परका माणूस तिच्या आईला उचलत असताना ती झोपली होती.

"उठवू नका तिला," म्हातारी हळूच म्हणाली. "उजाडल्यावर झोपलेली मी तिला कधी पाहिली नाही."

भाऊसाहेबांनी तोंड मिटलं. स्टूल ओढला असता तर आवाज झाला असता, म्हणून ते होते तिथेच उभे राहिले, आणि म्हातारी आणि ते, दोघं मिळून अक्काची झोप बघत राहिले.